शिफ्ट ड्युटी सांभाळून जलरंग: ४५ मिनिटांत काय जमेल?

घाटकाठ: कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला नोकरी, पाळी दर आठवड्याला बदलते. रोज ४५ मिनिटं मिळतात. रंकाळा तलावाचं चित्र अर्ध्यात राहतं आणि दुसऱ्या दिवशी वॉश (पाणी मिसळलेल्या रंगाचा पातळ थर) जुळत नाही. काय करावं?

जलरंगी: आधी कागद लहान करा. २२×३० इंची कागदाचे आठ तुकडे करा, साडेसात बाय अकराचे. ३०० जीएसएमच (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पातळ कागद फुगतो आणि रंग खड्ड्यात साचतो. पेन्सिलीचं काम आदल्या रात्री उरका, कडांना टेपही तेव्हाच. मग पहिला वॉश १५ मिनिटं, वाळायला १०, सावल्या आणि गडद जागा २०. हाताची उलटी बाजू टेकवून कागद थंड लागला तर थांबा, नाहीतर पाणी मागं पळून डाग उमटतात.

काळी माती: भावा, पावसाळ्यात ते १० मिनिटांचं गणित कोलमडतं. हेअर ड्रायर फूटभर लांबून, तोही पाण्याची चमक गेल्यावरच. ओली पॅलेट बंद केली की रंगावर बुरशी धरते. कोरा कागद सिलिका जेलसकट घट्ट पिशवीत ठेव. ओल लागली की साइझिंग (रंग लगेच शोषू न देणारा कागदाचा लेप) जातं आणि कागद टीपकागदासारखा रंग पितो.

घाटकाठ: रात्रपाळीच्या आठवड्यात?

जलरंगी: रंग नकोच. ट्यूबलाइटखाली मिसळलेली छटा उन्हात वेगळी दिसते. ६बी पेन्सिलीनं पोस्टकार्डाएवढी, तीनच टोनची (फिकट, मध्यम, गडद) रेखाटनं करा. सुट्टीला कोल्हापुरातल्या टाउन हॉल म्युझियममध्ये चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघा, अगदी मनापासून सांगतो.