मदत हवी आहे: एमएसएलने स्पर्धक कंपनीची माहिती किती काढायची?

चष्मिष
जाणकारांनी लवकर सांगा, शुक्रवारी उत्तर द्यायचंय. मी एमएसएल (मेडिकल सायन्स लायझन) आहे, म्हणजे औषध कंपनीच्या वतीने डॉक्टरांशी शास्त्रीय बोलणारी. मार्केटिंगकडून एक एक्सेल शीट आलीय. प्रत्येक केओएलच्या (ज्यांचं मत बाकीचे मानतात अशा बड्या डॉक्टरांच्या) नावापुढे रकाने: ट्रायलमध्ये पेशंट किती घेतले, मधेच सोडून किती गेले, निकाल कधी. पुढच्या भेटीत भरून आणा म्हणे. कां-कूं केलं तर "मग तुमचा उपयोग काय?" हे आपलं काम आहे का? असेल तर विचारायचं कसं? 'नोकरी बदल' हा सल्ला कृपया नको.

आंबटगोड
एमएसएल म्हणजे एमआरच ना, औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, जरा जास्त शिकलेला?

जुना एमआर
उगाच बाऊ करताय. आम्ही हे सगळं केमिस्टच्या काउंटरवर उभं राहून काढायचो. स्टॉकिस्टकडे कुणाचा माल किती उतरला, स्कीम काय चालू आहे, सगळं चहा संपेपर्यंत कळतं. त्याला एमडी, पीएचडी लागत नाही.

मीरा_न्यूजर्सी
काका, तुम्ही विक्रीचं सांगताय, ती ट्रायलचं विचारतेय. आंबटगोड, नाही. १९६७ मध्ये अपजॉन कंपनीने हे पद सुरू केलं ते डॉक्टरांशी शास्त्रीय बोलणं व्हावं म्हणून. एमएसएलच्या डोक्यावर विक्रीचं टार्गेट नसतं.
चष्मिष, महत्त्वाचंच सांगितलं नाहीस. आजार कुठला? ट्रायल कुणाची? डॉक्टर त्यात इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे ट्रायल प्रत्यक्ष चालवणारे, आहेत का? आणि तुझा बॉस मेडिकलचा की मार्केटिंगचा?

चष्मिष
डायबिटीस आणि लठ्ठपणा. ट्रायल स्पर्धकाची, आमची असती तर विचारलं असतं का? डॉक्टर इन्व्हेस्टिगेटर आहेत, म्हणून तर त्यांच्याच मागे लावलंय! बॉस मेडिकलचा, पण तो म्हणतो "अ‍ॅडजस्ट कर".

वकीलसाहेब
यूसीपीएमपी २०२४, म्हणजे औषध कंपन्यांची मार्केटिंगची आचारसंहिता, वाचा. डॉक्टरांना भेटवस्तू देता येत नाहीत.

चष्मिष
भेटवस्तू कोण देतंय?

मीरा_न्यूजर्सी
मग ती शीट भरू नकोस. इन्व्हेस्टिगेटर स्पॉन्सरशी, म्हणजे ट्रायल करवणाऱ्या कंपनीशी, गोपनीयतेचा करार करतो. किती जण मधेच गेले हे तू विचारणं म्हणजे त्यांना करार मोडायला सांगणं. अमेरिकेत सिडनी गिलमन नावाचे मोठे न्यूरॉलॉजिस्ट होते, अल्झायमरच्या एका ट्रायलच्या सुरक्षा समितीचे प्रमुख. २००८ मध्ये निकाल जाहीर व्हायच्या आधीच त्यांनी तो मॅथ्यू मार्टोमा या फंड मॅनेजरला सांगितला. मार्टोमाला ९ वर्षांची शिक्षा झाली, गिलमनची विद्यापीठातली कारकीर्द संपली.

वकीलसाहेब
ते शेअर बाजाराचं प्रकरण. इथे लागू नाही.

मीरा_न्यूजर्सी
स्पर्धक कंपनी लिस्टेड असेल तर? सेबीचे २०१५ चे नियम अप्रकाशित माहितीबद्दलच आहेत ना?

वकीलसाहेब
शेअरची उलाढाल केली किंवा अशी माहिती विनाकारण मागितली-दिली तर.

मीरा_न्यूजर्सी
शीट पुढे कुणाकुणाला फॉरवर्ड होईल याची खात्री तुम्ही देणार का?

कागदकिडा
भांडणं नंतर. निम्मे रकाने घरबसल्या भरता येतील. सीटीआरआय, म्हणजे ट्रायल नोंदणीची सरकारी वेबसाइट, उघडा. २००९ पासून भारतातल्या ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे. साइट, इन्व्हेस्टिगेटर, किती पेशंट घ्यायचे ठरलेत, भरती चालू की बंद, सगळं दिसतं. मग सीडीएससीओच्या (केंद्रीय औषध नियामकाच्या) तज्ज्ञ समितीची इतिवृत्तं चाळा. कोणत्या कंपनीने काय मागितलं, समितीने काय अट घातली, ते नावानिशी असतं. हे कुणी वाचत नाही आणि डॉक्टरांना छळत बसतात.

जुना एमआर
नोंद वेळेवर अपडेट कोण करतं? बाजारात पाय झिजवल्याशिवाय खरं कळत नाही.

कागदकिडा
म्हणूनच बदलांचा इतिहास बघायचा. पेशंटांची संख्या वाढवली, तारीख पुढे ढकलली, की कुठेतरी अडलंय एवढं तरी कळतं.

पोटावरचा_घेर
अवांतर: सेमाग्लुटाइडचं (डायबिटीस-लठ्ठपणाच्या आठवड्याच्या इंजेक्शनचं) पेटंट मार्च २०२६ पर्यंतच होतं ना? मग आता जेनेरिक घ्यावं का? डॉक्टरकडे जायचा कंटाळा येतो.

मीरा_न्यूजर्सी
डॉक्टरकडेच जा. आणि वेगळा धागा काढा.

चष्मिष
कागदकिडा, आभार, ते आजच बघते. पण डॉक्टरांना मी भेटणारच आहे. तिथे काय विचारू ते कुणीच सांगत नाहीये.

मीरा_न्यूजर्सी
त्यांची स्वतःची ओपीडी विचार. आठवड्याच्या इंजेक्शनचा डोस वाढवताना ते कुठे थांबतात? मळमळीमुळे की खर्चामुळे? प्रकाशित झालेल्या कोणत्या निकालावर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि का? भेटीची नोंदसुद्धा अशी टाइप कर: "डॉक्टर मधल्या डोसवरच थांबतात, पेशंट महिन्याचं बिल बघून पुढे जायला तयार नसतो." नाव-गाव काढून टाक. मार्केटिंगला यातून कळतं की लढाई किमतीची आहे, आणि करारही मोडत नाही. डॉक्टर आपणहून ट्रायलचं बोलायला लागले तर "सर, हे मी ऐकायला नको" म्हणून तिथेच थांबव. ते शीटमध्ये टाकायचं नाही, कॉम्प्लायन्सला (नियम पाळले जातात का बघणाऱ्या विभागाला) कळवायचं. आणि बोलता बोलता तुमच्याच औषधाचा दुष्परिणाम निघाला तर फार्माकोव्हिजिलन्सला (दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या विभागाला) त्याच दिवशी.

जुना एमआर
डॉक्टर बोलताहेत आणि तुम्ही थांबवायचं? आमच्या वेळी असं केलं असतं तर मॅनेजरने हाकललं असतं.

चष्मिष
काका, म्हणूनच लेखी विचारते. "या रकान्यांतली जाहीर न झालेली माहिती गोपनीय आहे, कॉम्प्लायन्सची लेखी मंजुरी पाठवा." बॉस आणि कॉम्प्लायन्स दोघं सीसीमध्ये. कसं वाटतंय?

कागदकिडा
पाठवा. सोबत सीटीआरआयवरून भरलेले रकाने जोडा, नुसता नकार दिसणार नाही.

बीफार्म_२०२५
ताई, एमएसएलला फ्रेशर घेतात का? पीएचडी लागतेच का?