सपाट पाटीवरचा ड्रॅग काढायला काय घेऊ? (बजेट १५०० रु.)

सांगलीचा_मेक: नमस्कार मंडळी. मेकॅनिकल, तिसरं वर्ष. मिनी प्रोजेक्टमध्ये १.२ मी लांब, ०.५ मी रुंद अशी ॲक्रिलिकची पातळ पाटी पाण्याच्या टाकीतून १.५ मी/से वेगाने ओढायची आहे. पाणी साधारण २५ अंश. ड्रॅग (पाण्याचा पाटीला होणारा रोध) आणि बाउंडरी लेअरची (पाटीलगत मंदावलेल्या पाण्याचा थर) जाडी हिशेबाने काढून मोजणीशी ताडायची. सीएफडीचा (प्रवाहाचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर) महिन्याचा प्लॅन घेऊ, चांगला कॅल्क्युलेटर घेऊ की अजून काही? बजेट १५०० रुपये, त्यावर एक पैसा नाही.

पुणेरी_पंप: प्लॅन-बिन सोड. आधी लॅपटॉप बघ. १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असल्याशिवाय सीएफडीच्या नादाला लागू नये. मी मागच्या दिवाळीत ८२ हजारांचा घेतला, मेश (हिशेबासाठीची जाळी) कसा लोण्यासारखा होतो.

सांगलीचा_मेक: काका, १५०० म्हणालो.

पुणेरी_पंप: ईएमआय असतो की.

फोम_वाला: ओपनफोम फुकट आहे, ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्तीही फुकट आहे (सेल्सची, म्हणजे जाळीतल्या चौकटींची, मर्यादा आहे, पण द्विमितीय पाटीला पुरते). पैसे कशाला घालवतोस? मात्र भिंतीलगतचा पहिला सेल बारीक ठेव. तुझ्या आकड्यांवर वाय-प्लस (भिंतीपासूनच्या अंतराचं एककरहित माप) १ हवा असेल तर पाटीच्या शेवटी उंची सुमारे १५ मायक्रॉन येते. मुलं तिथे १ मिमीचा सेल टाकतात आणि मग सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

निवृत्त_मास्तर: १५ ओळींच्या हिशेबाला सीएफडी? कागद घे. २५ अंशाला पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (चिकटपणा भागिले घनता) साधारण ०.९ गुणिले १० चा उणे ६ घात. रेनॉल्ड्स आकडा, पुढे नुसता रे (वेग × लांबी भागिले व्हिस्कॉसिटी) = १.५ × १.२ भागिले ती = २० लाख.

पूर्ण लॅमिनार (संथ, थराथराने जाणारा प्रवाह) धरलंस तर ड्रॅगचा गुणांक १.३२८ ÷ √रे = ०.०००९४, दोन्ही बाजू मिळून ड्रॅग १.२६ न्यूटन. सुरुवातीपासून टर्ब्युलंट (खळबळीचा) धरलंस तर ०.०७४ भागिले रे चा ०.२ घात = ०.००४०७, म्हणजे ५.५ न्यूटन. चौपटीहून जास्त फरक! सगळा प्रोजेक्ट या फरकात आहे. रे ५ लाखाला लेअर लॅमिनारची टर्ब्युलंट होते, म्हणजे पलटते, असं धरलं तर ती जागा पुढच्या कडेपासून ३० सेंमीवर येते. मिश्र सूत्राने ०.००४०७ मधून १७४२ ÷ रे वजा कर, उत्तर ४.३ न्यूटन.

गेट_रँक_धारी: १७४२ नाही सर, १७००. आम्हाला क्लासमध्ये १७०० च शिकवलं. गेट परीक्षेत माझा हा प्रश्न बरोबर आला होता.

निवृत्त_मास्तर: ०.०७४ चं सूत्र आणि १.३२८ चं सूत्र ५ लाखाला जुळवून बघ, १७४२ येतात. १७०० वापरलेस तर ड्रॅगमध्ये ०.०३ न्यूटनचा फरक पडेल. त्याच्या दोरीचं घर्षण याहून जास्त असेल.

गेट_रँक_धारी: तरी पुस्तकात १७०० आहे.

कोकणी_होडीवाला: अवांतर. तुमची पाटी गुळगुळीत म्हणून हे आकडे जमतात. होडी दोन-तीन महिने पाण्यात उभी ठेवा, तळाला शेवाळ नि शिंपले धरतात, डिझेल किती जास्त जातं ते इंजिनवाल्याला विचारा. आम्ही दर हंगामाला तळ खरवडून रंग लावतो, कुठलं गणित करत नाही.

फोम_वाला: +१, खडबडीतपणा महत्त्वाचा. आणि रे ५ लाखावर भरवसा नको. टाकीतलं पाणी शांत असेल तर लेअर उशिरा पलटते, कड खरखरीत असेल तर लवकर.

निवृत्त_मास्तर: म्हणूनच बाळा, पुढच्या कडेपासून ५ सेंमीवर ४० नंबरच्या पॉलिश पेपरची सेंटिमीटरभर रुंद पट्टी आडवी चिकटव, दोन्ही बाजूंना. लेअर तिथेच टर्ब्युलंट करायची, म्हणजे ताडायला ५.५ च्या जवळचा एकच आकडा राहतो. पट्टीचा स्वतःचा थोडा ड्रॅग वाढेल तो नोंदव. जहाजवाल्यांची आयटीटीसी १९५७ ची रेषा लावून बघ: ०.०७५ भागिले (लॉग रे वजा २) चा वर्ग. तीही ०.००४०५ देते.

पुणेरी_पंप: मी तेच म्हणत होतो, पॉलिश पेपर लावा.

गेट_रँक_धारी: जाडी कोणी सांगितलीच नाही. ३० सेंमीपर्यंत लॅमिनार धरलं तर तिथे ५ एक्स (एक्स म्हणजे पुढच्या कडेपासूनचं अंतर) ÷ √रे = २.१ मिमी. पूर्ण टर्ब्युलंटला शेवटी ०.३७ एक्स भागिले रे चा ०.२ घात = २४ मिमी. कॅल्क्युलेटर चांगला घे, माझा ९९१ सिरीजचा आहे, अजून बॅटरी बदलली नाही.

ताई_एरो: कोणी विचारलं का टाकी किती लांब आहे? १.५ मी/से ने पाटी ओढलीस की वेग स्थिर होईपर्यंत भिंत येईल. दुसरं म्हणजे पाटी उभी ठेवून वरची कड पाण्याबाहेर राहिली तर लाटांचा ड्रॅगही मोजला जाईल. पूर्ण बुडव. विल्यम फ्राउडने १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्कीच्या टाकीत फळ्या ओढूनच हा विषय मार्गी लावला. बाउंडरी लेअरवरचा प्रांटलचा १९०४ चा निबंध आणि ब्लॅसियसचं १९०८ चं समीकरण नंतरचं. तुलाही मोजायचंच आहे ना, मग पैसे मोजणीवर घाल.

पुणेरी_पंप: फ्राउडकडे लॅपटॉप नव्हता म्हणून.

सांगलीचा_मेक: सगळ्यांचे आभार. टाकी ८ मीटर आहे. ताईंचा मुद्दा बरोबर, वेग १ मी/से करतोय, आकडे परत काढेन. ना प्लॅन, ना कॅल्क्युलेटर. १ किलोचा लोड सेल (बल मोजणारा) आणि त्याचा सिग्नल वाचणारा एचएक्स७११ बोर्ड मागवलाय, उरलेल्या पैशांत दोरी, पुली आणि पॉलिश पेपर. हिशेब फुकटच्या स्प्रेडशीटमध्ये.

गेट_रँक_धारी: स्प्रेडशीटमध्ये १७०० टाक.

निवृत्त_मास्तर: १ मी/से ला रे १३.३ लाखावर येतो, ड्रॅग अडीच-पावणेतीन न्यूटनच्या आसपास. लोड सेलला आधी २०० ग्रॅमच्या वजनाने कॅलिब्रेट कर आणि तो पाण्यापासून वर बांध. पाटी धरणाऱ्या नुसत्या दांडीचा ड्रॅग पाटीशिवाय वेगळा ओढून मोज आणि वजा कर.

कोकणी_होडीवाला: आमच्याकडे ये, लांब टाकी आहे, अरबी समुद्र.