'प्रिन्सेस एजंट्स'मधली चू च्याओ इतिहासात कितपत बसते?

शरयूतीर :
२०१७ साली हुनान वाहिनीवरून प्रसारित झालेली 'प्रिन्सेस एजंट्स' ही चिनी मालिका नुकतीच पाहून झाली. पहिल्याच भागात गुलाम मुलींना रानात हाकलून त्यांच्यावर लांडगे सोडले जातात आणि सरदारांची पोरे घोड्यांवरून त्यांच्यावर नेम धरतात, ते दृश्य पाहताना अंगावर काटा येतो. त्या शिकारीतून वाचलेली चू च्याओ पुढे हेरगिरी आणि युद्धकला शिकते आणि अखेरीस एका सेनेची प्रमुख होते. झाओ लीयिंगने ही भूमिका फार ताकदीने केली आहे. कथा पश्चिम वेई राजवटीच्या काळात घडते असे सांगितले जाते. त्या काळी एखादी स्त्री, तीही गुलाम, सैन्याची प्रमुख होणे शक्य होते काय, की इतिहास केवळ पोशाखापुरताच आहे?

जुना_वाचक :
चू च्याओ ही ऐतिहासिक व्यक्ती नाही. मालिकेची मूळ कादंबरी आंतरजालावरची असून तिच्यातली नायिका आजच्या काळातली गुप्तहेर आहे, आणि ती मृत्यूनंतर एका गुलाम मुलीच्या देहात जागी होते. कालप्रवासाच्या कथांबद्दल चीनच्या प्रसारण खात्याने २०११ मध्येच जाहीर नाराजी दाखवली होती. मालिकेत तो भाग वगळून त्याजागी स्मृतिभ्रंश आणला आहे. त्यामुळे एवढीशी पोर इतकी तरबेज कशी, याचे उत्तर तिच्या आईच्या गुप्त संघटनेत शोधावे लागते, आणि ते मला तरी ओढूनताणून आणलेले वाटले.

राजकारणाचा सांगाडा मात्र अगदीच हवेतला नाही. उत्तर वेईचे राज्य इ. स. ५३४-५३५ च्या सुमारास दुभंगले आणि पश्चिमेकडच्या अर्ध्याची राजधानी चांगआन झाली. राजघराणे श्यानबेई या उत्तरेकडच्या भटक्या लोकांच्या वंशाचे होते. त्यांचे मूळचे थुओबा हे आडनाव सम्राट श्याओवेनने ४९६ मध्ये बदलून युआन केले, म्हणूनच मालिकेतली राजकन्या युआन छुन आहे. परंतु पश्चिम वेईचे सम्राट नामधारी होते. सगळी सूत्रे युवेन थाई या सेनापतीकडे होती आणि ५५७ मध्ये त्याच्या घराण्याने गादीच ताब्यात घेऊन उत्तर चौ राजवट सुरू केली. मालिकेत याच्या नेमके उलट आहे : सम्राटाच्या धाकाने सारे चळचळ कापतात आणि युवेन हे दरबारातल्या अनेक सरदार घराण्यांपैकी एक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. उत्तरेकडच्या स्त्रिया घराचा कारभार सांभाळतात, कज्जे लढवतात आणि अधिकाऱ्यांच्या दारी रदबदली करायला जातात, असे सहाव्या शतकातल्या यान झितुई या अधिकाऱ्याने ये या नगरीबद्दल लिहून ठेवले आहे. (ये शत्रुपक्षाची, म्हणजे पूर्वेकडच्या राज्याची राजधानी होती, पण समाज बराचसा सारखाच.) बारा वर्षे सैन्यात राहूनही जिचे स्त्रीत्व सोबत्यांच्या ध्यानात आले नाही, त्या मुलानचे गीतही याच उत्तरी राजवटींच्या काळातले मानले जाते. तेव्हा स्त्रीने शस्त्र हाती घेणे त्या समाजाला अकल्पनीय नव्हते. खरी कल्पनाभरारी गुलामगिरीतून सेनापतिपदापर्यंत जाण्यात आहे. इतिहासात ज्या स्त्रियांनी खरोखर सैन्य चालवले, त्यांना तो अधिकार घराण्याने दिला होता. फू हाओ ही प्राचीन शांग राजवटीतल्या वू दिंग राजाची राणी होती आणि तिने तेरा हजारांचे सैन्य नेल्याचा उल्लेख शकुनाच्या कोरीव हाडांवर सापडतो. तांग घराण्याच्या स्थापनेवेळी, ६१७ मध्ये, फौज उभारणारी राजकन्या फिंगयांग ही पहिल्या सम्राटाची मुलगी होती. मिंग काळातल्या छिन लियांगयूकडे सिचुआनमधल्या श्रचू भागाचे वतन नवरा वारल्यावर आले आणि तिचे सैनिक पांढऱ्या दांड्याच्या भाल्यांसाठी ओळखले जात.

कोरडा_किनारा :
घराण्याचा मुद्दा पटला, पण एक अपवाद नोंदवायला हवा. सोंग काळातली लियांग होंगयू परंपरेप्रमाणे सैन्याच्या छावणीतली गणिका होती, म्हणजे राजकन्या तर नव्हेच. ११३० मध्ये यांगत्सी नदीवर हुआंगथियानदांग येथे उत्तरेकडच्या चिन राजवटीच्या सैन्याची वाट अडवताना ती स्वतः नगारा वाजवत होती, ही नोंद खुद्द सोंग राजवंशाच्या इतिहासात आहे. तिथे मात्र तिचा उल्लेख लियांगबाई एवढाच येतो. होंगयू हे नाव पुढच्या काळातल्या नाटकांनी दिले.

जुना_वाचक :
अपवाद मान्य, पण अर्धाच. ती सेनापती हान शिचोंगची पत्नी होती आणि लग्नामुळेच तिथवर पोहोचली. चू च्याओ मात्र कुणाची पत्नी म्हणून सैन्य चालवत नाही, आणि म्हणूनच ती आजच्या प्रेक्षकाला जवळची वाटते.

पाऊलखुणा :
इतिहासाचे राहू द्या, मला मालिकेबद्दलच तक्रार आहे. दरबारात ओलीस असलेला राजपुत्र यान शुन याला चबुतऱ्यावर आणून आपल्याच वडिलांची व भावंडांची मुंडकी ओळखायला लावतात, तो प्रसंग जितका जबरदस्त आहे, तितकाच त्यानंतरचा प्रेमत्रिकोण पाणी घातलेला आहे. यान शुनने गद्दार ठरवलेल्या शिपायांना चू च्याओ आपल्या पाठीशी घेते, तिथे ती प्रथमच खऱ्या अर्थाने सेनापती दिसते. पण तिथवर येईपर्यंत बहुतेक मालिका संपलेली असते. शेवटी गोठलेल्या तळ्यात दुसरा नायक, युवेन घराण्याचा युवेन युए, बुडतो, नायिका त्याच्यामागे उडी घेते आणि कथा तिथेच तोडली जाते. इतके भाग पाहणाऱ्याला असे टांगून ठेवणे ही शुद्ध फसवणूक आहे.

शरयूतीर :
सर्वांचे आभार. शेवटाबद्दल पाऊलखुणा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. फू हाओबद्दल हाडांवरच्या नोंदींखेरीज आणखी काही पुरावा आहे का?

जुना_वाचक :
आहे, आणि भरपूर आहे. आनयांगजवळ यिनशू येथे १९७६ मध्ये तिची कबर अभंग सापडली. शांग राजघराण्यातल्या इतर बहुतेक कबरी चोरांनी केव्हाच उकरल्या होत्या, ही मात्र त्यांच्या हातून सुटली. तीत शेकडो ब्राँझच्या वस्तू होत्या, त्यांतल्या बऱ्याच वस्तूंवर तिचे नाव होते, आणि शस्त्रांमध्ये सुमारे ९ किलो वजनाचा एक परशू होता. त्याच्या पात्यावर दोन वाघांच्या जबड्यांमध्ये एक मानवी डोके कोरलेले आहे. इतका जड परशू लढाईत फिरवण्यासाठी नसून सैन्यावरच्या हुकमतीचे चिन्ह म्हणून असावा, असे अभ्यासक मानतात.