मदत हवी आहे: चिनी भाषेतले 'किती वेळा' मोजणारे शब्द क्रियापदानंतर कसे आले?

नमस्कार मंडळी,

चिनी भाषेत एमए करतो आहे आणि प्रबंधासाठी क्रियेचे मोजशब्द हा विषय घेतला आहे. चिनीचे, पालीचे आणि एकूणच भाषाशास्त्राचे जाणकार इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आजच्या चिनीत नुसतं 'तीनदा वाचलं' म्हणून भागत नाही, आकड्याला मोजशब्द लागतोच. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं असेल तर 'बिएन', नुसतं किती वेळा एवढंच सांगायचं असेल तर 'त्स', कुठे जाऊन आलात तर 'थांग', दारावर थाप मारली तर 'शिया', मार किंवा शिव्या खाल्ल्या तर 'दुन'. अवयवसुद्धा मोजायला येतात. लाथ मारली की 'एक पाय', नजर टाकली की 'एक डोळा'. आणि हे सगळं सहसा क्रियापदानंतर येतं.

कन्फ्यूशियसच्या काळच्या भाषेत असं नव्हतं. 'लुन यू' या त्याच्या वचनांच्या संग्रहात त्याचा शिष्य त्संग त्स म्हणतो, 'वू रि सान शिंग वू शेन', म्हणजे मी रोज तीनदा स्वतःची झडती घेतो. 'सान' म्हणजे तीन, 'शिंग' म्हणजे तपासणं. आकडा थेट क्रियापदाच्या आधी, मध्ये काहीही नाही. पूर आवरायला घराबाहेर पडलेला यू तीनदा स्वतःच्या दारावरून गेला पण आत शिरला नाही, ही मेन्शियसमधली गोष्ट सांगतानाही तीच रचना आहे.

आकड्यावर जोर द्यायचा असला की मात्र वाक्य वेगळं वळण घ्यायचं. स्स-मा छिएनच्या 'शि जी' या इतिहासग्रंथात होंगमेनच्या मेजवानीचा प्रसंग आहे. समोर बसलेल्या प्रतिस्पर्धी लिऊ बांगला आत्ताच संपवा, असं म्हातारा सल्लागार फान त्संग आपला सेनापती शियांग यूला डोळ्यांनी खुणावतो, कमरेचा जेडचा दागिना उचलून दाखवतो, आणि वाक्य संपतं 'च सान' या दोन अक्षरांवर: हे जे दाखवणं, ते तीन. तिथे तीन हा आकडाच वाक्याचं विधेय होऊन बसतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आकडा शेवटी जायची वाट इथे आधीच तयार दिसते.

पुढे इ.स. तिसऱ्या शतकात तुंग यू नावाचा पंडित भेटतो. कुणी शिकायला आलं की तो शिकवायला नकार द्यायचा आणि म्हणायचा, आधी शंभर 'बिएन' वाच, अर्थ आपोआप दिसेल. इथे क्रियापद, मग आकडा, मग मोजशब्द, अगदी आजच्यासारखं. लिऊ शिरू यांनी 1965 च्या पुस्तकात इ.स. 220 ते 589 या काळातले मोजशब्द गोळा केले आहेत. त्यातून एवढं स्पष्ट होतं की ही व्यवस्था याच शतकांत बहरली. पण का, आणि क्रियापदानंतरच का, तिथे मी अडलो आहे.

माझ्या मनात एक शंका आहे. याच काळात भारतीय बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरं धडाक्यात चालली होती. बुद्धाला तीन प्रदक्षिणा घालणं तर पानोपानी येतं: 'राव फो सान झा'. 'झा' म्हणजे फेरा. मोजशब्द रुळण्यात या भाषांतरांचा काही हात असेल का?

तपासण्यासाठी एक ग्रंथ निवडला आहे. बुद्धघोषाची विनयावरची (भिक्षूंच्या नियमांवरची) टीका, 'समन्तपासादिका', संघभद्राने पाचव्या शतकाच्या शेवटी चिनीत नेली. तिचं इंग्रजी भाषांतर पु. वि. बापट आणि हिराकावा यांनी केलं आणि 1970 साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापलं. पालीत जिथे 'तिक्खत्तुं' (तीनदा; 'क्खत्तुं' हा 'वेळा' सांगणारा प्रत्यय) आहे तिथे चिनीत काय आलं, नुसता आकडा की मोजशब्द, अशी नोंद करत जायचा विचार आहे.

विचारायचं ते असं. ही पद्धत टिकेल का? 'क्खत्तुं' सोडून पालीत आणखी काय शोधू? आणि बापटांच्या पुस्तकाची प्रत कुणाकडे वाचायला मिळेल का?

प्रतिसाद: पालीप्रेमी

फक्त 'क्खत्तुं' शोधलंत तर निम्मा माल हातातून निसटेल. 'एकदा'साठी 'सकिं' येतं, त्याला हा प्रत्ययच नाही. 'दुतियम्पि', 'ततियम्पि' (दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही) हे क्रम सांगतात, ते वेगळे काढा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अट्ठकथांच्या (जुन्या टीकाग्रंथांच्या) पालीत 'द्वे वारे', 'तयो वारे' असं सर्रास सापडतं. तिथे 'वार' हे स्वतंत्र नाम आहे आणि आकडा त्याला लागतो. तुमच्या प्रश्नासाठी हा भेद सोन्यासारखा आहे. 'वार' आहे तिथे चिनीत मोजशब्द जास्त येतो आणि 'क्खत्तुं' आहे तिथे कमी, असं दिसलं तर मूळ पालीचा परिणाम म्हणता येईल. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर भाषांतरकार आपल्या काळची चिनी लिहीत होता, एवढंच. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाची पाली संहिता देवनागरीत उपलब्ध आहे, अट्ठकथांसकट, आणि तिच्यात शब्दशोध करता येतो.

प्रतिसाद: नदीकाठ

उगम भारतीय म्हणू नका. तुमच्याच 'शि जी'त लिऊ बांग पहाटे युआन शहराला वेढा घालतो: 'वेइ युआन छंग सान झा'. बौद्ध भाषांतरं सुरू होण्याच्या कितीतरी आधीचं वाक्य आहे हे. मात्र तिथला 'झा' नीट बघा. सैन्याची तीन कडी शहराभोवती उभी आहेत, कुणी तीनदा फिरत नाही. पुढे त्साओ त्साओच्या कवितेत (तो इ.स. 220 मध्ये वारला) पक्षी झाडाभोवती 'सान झा' घिरट्या घालतात, फांदी मिळत नाही. कडं होतं त्याची फेरी झाली. मोजशब्द जन्मताना दिसावा तो असा. भाषांतरांनी फार तर प्रसाराला हात लावला असेल.

क्रियापदानंतर का, याचं माझं उत्तर नामांकडे बघून येतं. हान काळात नामाचे मोजशब्दही नामानंतर यायचे: घोडे, तीन, नग. क्रियेचे मोजशब्द त्याच साच्यात बसले. पुढे नामाचे मोजशब्द नामाच्या आधी सरकले आणि क्रियेचे होते तिथेच राहिले. शिवाय जुनी जागा एका रात्रीत रिकामी झाली नाही. कवी तु फू आठव्या शतकात 'जी हुइ वेन' लिहितो, म्हणजे 'किती वेळा ऐकायला मिळणार', आणि तिथे मोजशब्द असूनही तो क्रियापदाच्या आधी आहे.

एक धोका सांगतो. बौद्ध भाषांतरांचं गद्य चार-चार अक्षरांच्या तालावर चालतं. 'राव फो सान झा' मोजून चार अक्षरं आहेत. ताल भरायला मोजशब्द आला असेल किंवा ताल सांभाळायला गळला असेल, तर तुमची आकडेवारी फसवी ठरेल. म्हणून जोडीला बौद्ध नसलेला ग्रंथ घ्या. सहाव्या शतकातला जिआ स्सशिएचा शेतीवरचा ग्रंथ 'छी मिन याओ शू' उत्तम. रानात किती पाळ्या घालायच्या हे तो सतत सांगतो, आणि मोजतो 'बिएन'नेच: दहा 'बिएन' खुरपणी झाली की धान्यातून कोंडा काढलेले आठ हिस्से दाणे उतरतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. 'वार' आणि 'क्खत्तुं' वेगळे नोंदवतो, आणि चार अक्षरी तुकड्यांतली उदाहरणं बाजूला काढून मोजणी दोनदा करतो. 'छी मिन याओ शू' आजच उघडतो. बापटांच्या प्रतीचं मात्र अजून जमलेलं नाही. पुण्यात कुणाच्या संग्रहात असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिथेच बसून वाचेन.