स्टार्व्ड रॉकच्या आठवणी लिहा ना इथे

कातळवेडा
काल तळघर आवरताना बाबांची काठी सापडली. २०११ च्या एप्रिलमध्ये ते आमच्याकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला आले होते, तेव्हा स्टार्व्ड रॉकला, म्हणजे इलिनॉय नदीकाठच्या त्या स्टेट पार्कला, जायचं म्हणून घेतलेली. टोकाला अजून तिथला चिखल आहे, मी तो धुतला नाही.
बाबा जन्मभर जुन्नरच्या डोंगरांत हिंडलेले. इथल्या कॅन्यन म्हणजे आपल्या घळीच, अशा अठरा आहेत. सेंट लुईस कॅन्यनमध्ये धबधबा जोरात होता. बाबांनी भिंतीवरून अंगठा फिरवला तर वाळू हाताला लागली. "अरे, हा कसला कातळ? हा तर पाण्याच्या तळाचा." म्हटलं, समुद्राच्या तळाचा, चाळीस कोटी वर्षांहून जुना. मग अर्धा तास तिथून हलेनात. बेसाल्टवर, लाव्हाच्या काळ्या दगडावर वाढलेला माणूस!
तुम्ही गेला असालच. लिहा.

सईची_आई
आम्ही जानेवारीत. उणे १५!! बाल्ड ईगल, पांढऱ्या डोक्याचे गरुड बघायला. नदी गोठते पण धरणाच्या खाली पाणी खळाळतं राहतं, म्हणून मासे धरायला सगळे गरुड तिथे जमतात. लेकीने २३ मोजले. एक दोनदा मोजला की काय यावरून भावाशी भांडण, थेट घरापर्यंत

मृण्मयी२
काठीचं वाचून डोळे भरले. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

भटका_जोशी
धबधबे बघायचे तर बर्फ वितळताना नाहीतर चांगला पाऊस झाल्यावर जा. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, ओल्या भिंती बघून परत. कडाक्याच्या थंडीत तेच धबधबे गोठून निळसर खांब होतात, लोक दोर लावून चढतात

निशिगंध
पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत, गुडघे दुखतात. झेपेल का?

सईची_आई
@निशिगंध खडकाच्या माथ्यावर जायला लाकडी पायऱ्या आहेत, बऱ्याच. नाही जमलं तर पार्कातल्या लॉजमध्ये बसवा त्यांना, भली मोठी दगडी शेकोटी आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेकार तरुणांना कामाला लावून बांधलेलं आहे ते. माझ्या आईला तेच सगळ्यात आवडलं

भटका_जोशी
आणि कृपा करून कुणी वाट सोडून कड्याकडे जाऊ नका. दगड ठिसूळ आहे. माझा मित्र फोटोसाठी दोन पावलं पुढे गेला, काठ सुटला, झुडूप हाताला लागलं म्हणून वाचला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. नदीतही उतरू नका, मनाई आहे आणि ओढ भयंकर

निशिगंध
थँक्यू दोघांनाही. दशम्या नेणार आहे, चटणी कोरडी की ओली?

ओतूरकरीण
कोरडीच गं, लसणाची.
मला तिथे नावाची गोष्ट वाचून जेवण गेलं नव्हतं. इलिनी या इथल्या मूळ रहिवासी लोकांना शत्रूंनी त्या खडकावर कोंडलं आणि ते उपाशी मेले म्हणतात. दंतकथा आहे, पण वर उभं राहिलं की खाली सगळीकडे पाणी दिसतं आणि तहान आठवते.
@कातळवेडा जुन्नर म्हणजे कुठलं? माझं आजोळ ओतूर

कातळवेडा
आपटाळ्याच्या बाजूचं. बाबा ओतूरच्या बाजाराला चालत यायचे. २०१९ ला गेले. तुमच्या आजोबांचं दुकान होतं का बाजारात?