कढीपत्ता, हापूस आणि अमेरिकेची बॅग
सासूबाईंनी दिलेला घरचा कढीपत्ता नि हापूस बॅगेत तळाशी टाकून अमेरिकेला नेले तर चालेल का असं विचारलंय, तर प्लीज नका नेऊ. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला, त्याच्यावर बारीक किडा येतो तो सिट्रस ग्रीनिंग हा लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरवतो, त्याला इलाज नाही, २००५ मध्ये फ्लोरिडात हा रोग सापडला आणि पुढे संत्र्याच्या बागांची वाट लागली हो, किती शेतकऱ्यांनी शेती सोडली. हापूस २००७ पासून तिकडे जातो पण विकिरण केलेल्या (कीड पसरू नये म्हणून किरणांचा मारा केलेल्या) पेट्यांतूनच, आपल्या सामानातून नाही. आणि खायचं जे काही असेल ते तिथल्या कस्टम्स ऑफिसरला आधीच सांगा, चालत नसेल तर फक्त काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर दंड. चहा, मसाल्याची पूड खुशाल न्या, फक्त तेही डिक्लेअर करा.