घोडीला चावणाऱ्या माश्यांवर उपाय सुचवा (लोणी काळभोर परिसर)

माळावरची

आमच्या शेतावर एक कुमैत (तांबूस-तपकिरी) मारवाडी घोडी आणि मुलांसाठी एक सब्जा (पांढरट-करडं) तट्टू आहे. पाडव्यानंतर माश्यांनी जो उच्छाद मांडलाय तो थांबायचं नाव नाही. दुपारभर घोडी पाय आपटत असते. आपटून आपटून पुढच्या पायाची नाल सैल झाली. गुडघ्याखाली रक्ताचे बारीक थेंब सुकलेले दिसतात आणि खरारा करायला हात लावला तरी कातडी थरथरवते. तट्टू त्यामानाने निवांत आहे.

एका बाजूला गाईंचा गोठा, पलीकडे ऊस. आतापर्यंत केलेले उपाय: कडुनिंबाच्या पाल्याची धुरी (माश्या बाहेर गेल्या, पाठोपाठ आम्हीही), फिनेल आणि ऑनलाइन मागवलेला गवती चहाच्या वासाचा स्प्रे, ज्याचा असर अर्ध्या तासात उडून जातो. गोठेवाले काका म्हणतात, "आमच्या गुरांना मारतो ते गोचिडाचं औषध मारा, एका दिवसात माशी दिसणार नाही." मारू का? ज्यांच्याकडे घोडी आहेत ते काय करतात? खर्च जरा आवाक्यातला सुचवा.

घाटकरी_मंचर

ताई, आमच्याकडं शर्यतीत बैलगाड्यापुढं पळणारी घोडी आहे. यात्रांच्या दिवसांत घाटात (शर्यतीच्या धावपट्टीवर) बैलं, घोड्या सगळी एका जागी, तिथं माशी मरणाची. आम्ही करंज तेलात निम्मं खोबरेल घालून पायाला नि पोटाखाली चोळतो. आधी मानेवर रुपयाएवढ्या जागी लावून दुसऱ्या दिवशी बघा, काही घोड्यांना पुरळ उठतं. आणि भर उन्हात लावू नका, सांजच्याला लावा.

चंदीत (घोडीच्या दाण्यात) रोज मूठभर लसूण घालायचा. घामाला वास सुटतो, माशी जवळ येत नाही असं आमचे जुने लोक सांगतात.

पशुवैद्य_सासवड

माझ्याकडे घोडी कमी आणि गाई जास्त येतात, पण इथे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

ते गोचिडाचं औषध आधी बाजूला ठेवा. काकांच्या बाटलीवर बारीक अक्षरात 'अमिट्राझ' लिहिलंय का बघा. गुरांना ते चालतं, घोड्याला अजिबात नाही. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, लीद अडकते आणि पोटशूळ उठतो. पोटशूळाने घोडा दगावू शकतो, हे घोडेवाल्यांना मी सांगायला नको. बाटलीत दुसरं काही असलं तरी गुरांच्या मापाने घोड्यावर मारायचं नाही. घोड्यांसाठी परमेथ्रीनची औषधं असतात, ती तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. तबेल्यात मांजर फिरत असेल तर औषध पूर्ण वाळेपर्यंत तिला दूर ठेवा, परमेथ्रीन मांजरांना विषारी असतं.

घाटकरी, तेलाबद्दल हरकत नाही, पण लसूण बंद करा. सतत भरपूर लसूण खाल्ला की घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि अंगातलं रक्त कमी होतं. धुरीही बंद जागेत नको. घोड्याची फुप्फुसं धुराला फार हळवी असतात.

आता माळावरची, तुमची माशी कोणती ते आधी ठरवा. उपाय त्यावरच अवलंबून आहे. गुडघ्याखाली चावे आणि पाय आपटणं म्हणजे बहुतेक तबेल्यातली चावरी माशी. लांबून घरमाशीच वाटते. जवळून पाहिलं तर तोंडातून सरळ पुढे आलेली सुई दिसते, आणि भिंतीवर ती डोकं वर करून बसते. नर आणि मादी दोघंही रक्त पितात. जनावरावर काही मिनिटंच बसते, पोट भरलं की खांबावर नाहीतर भिंतीवर जाऊन जिरवत बसते. म्हणून घोडीवर कितीही फवारा, त्या वेळी निम्म्याहून जास्त माश्या घोडीवर नसतातच.

तिची पैदास होते ती लीद, मूत आणि पेंढा एकत्र कुजलेल्या ओल्या जागी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात ओली जागा एकदा जरी पूर्ण कोरडी झाली तरी अळ्या मरतात. तेव्हा स्प्रे सोडा आणि खुरपं घेऊन ओल शोधा: गव्हाणीखाली, हौदाच्या कडेला, दाराच्या उंबऱ्याशी, उकिरड्याच्या तळाला.

गोमाशी वेगळी. आकाराने मोठी, फक्त मादी चावते, कातडी कापून रक्त काढते. ओढ्या-तळ्याच्या काठच्या चिखलात वाढते आणि भर उन्हात हल्ला करते, पण काळोख्या छपराखाली सहसा येत नाही. तिच्यासाठी घोडी दिवसा आत आणि रात्री बाहेर ठेवायची. चिलटांचं नेमकं उलटं. ती तिन्हीसांजेला आणि पहाटे येतात, तेव्हा घोडी आत हवी. शेपटीखाली चिकटून बसणारी, खेकड्यासारखी तिरकी पळणारी चपटी माशी दिसली तर ती आणखी निराळी. ती बोटात चिरडूनही मरत नाही, नखाने दाबावी लागते.

माळावरची

डॉक्टर, खूप धन्यवाद. बाटली पाहिली. अमिट्राझच आहे. काकांनाही दाखवली, ते म्हणाले, "आमच्या म्हशीला तर काही होत नाही." म्हटलं, म्हैस वेगळी, घोडी वेगळी.

संध्याकाळी बॅटरी घेऊन भिंत पाहिली. सगळ्या डोकं वर करून बसलेल्या, आणि सुई स्पष्ट दिसते. मग खुरपं घेतलं. हौदाचा नळ ठिबकतो, त्याच्याखाली पेंढा वरून वाळका आणि चार बोटं खाली काळा, उबदार, पिवळट अळ्यांनी वळवळणारा. एवढ्याशा, घमेलंभर जागेत! गोठ्याच्या बाजूची गटारही तशीच आहे, पण ती काकांची.

ते सगळं काढून उन्हात पातळ पसरलंय. उकिरड्याचं काय करू?

पशुवैद्य_सासवड

उकिरडा तबेल्यापासून जमेल तेवढा लांब न्या. ढीग उंच रचा, वरून काळं प्लास्टिक घाला आणि कडा मातीने दाबा. आतली उष्णता ६० अंशांच्या आसपास गेली की अळ्या टिकत नाहीत. कडेचा भाग थंड राहतो, म्हणून मधूनमधून कडेचं आत आणि आतलं बाहेर करा. काकांच्या गटारीचा तिढा मात्र तुम्हालाच सोडवायचा आहे. त्यांच्या गाईंनाही हीच माशी चावते आणि माशीने हैराण झालेली गाय दूध कमी देते, हे सांगून बघा.

पागेतला

वडील पुण्याच्या कॅम्पातल्या रेसकोर्सवर मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) होते. तिथला हंगाम जुलैत सुरू होतो, म्हणजे ऐन पावसात, आणि ओलीत माशी काय करते ते आम्ही लहानपणापासून बघितलंय. तबेल्यातली घाण दिवसातून दोनदा उचलायची आणि दुपारी जमीन उघडी टाकून वाळवायची, हा वडिलांचा नियम. पेंढ्याऐवजी लाकडाचा भुसा घातलात तर ओली जागा लगेच कळते, तेवढीच उचलून टाकता येते.

दुसरं म्हणजे पंखा. भिंतीवरचा मोठा पंखा पायांच्या दिशेने तिरका लावा, वर नको. चिलटं फार हलकी असतात, वाऱ्यात त्यांना उडताच येत नाही, आणि मोठ्या माशीलाही नीट बसता येत नाही. वायर घोडीच्या तोंडाला पोचणार नाही अशी वरून न्या. डोळ्यांवर जाळीची अंधारी बांधा, ती आरपार दिसणारी असते, घोडी बिथरत नाही. जाळीची झूलही मिळते, पण तुमच्या घोडीला पाय चावतायत, झुलेने पाय झाकले जाणार नाहीत.

उगाच_एक_शंका

माझ्याकडे घोडा नाही, पण झेब्र्याच्या पट्ट्यांमुळे माश्या बसत नाहीत असं कुठेतरी वाचलं होतं. थट्टा आहे का?

पशुवैद्य_सासवड

थट्टा नाही. ब्रिटनमध्ये घोड्यांना पट्ट्यांची झूल घालून निरीक्षण झालं, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. गोमाश्या जवळ येत होत्या, पण नीट उतरता न आल्याने बऱ्याच तशाच पुढे जात होत्या. जपानमध्ये गाईंवर पांढरे पट्टे रंगवूनही पाहिलं. त्या प्रयोगाला २०२५ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक. गडद, चकचकीत अंगावरून परावर्तित होणारा प्रकाश गोमाशीला खेचतो. तट्टू सब्जा आहे म्हणून गोमाशी त्याला कमी सतावत असेल, हे शक्य आहे. चावऱ्या माशीचं मात्र तसं खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा कुमैत घोडीला चुना फासू नका.

घाटकरी_मंचर

लसूण बंद केला डॉक्टर. 😀 एक विचारायचं राहिलं. आमच्या घोडीला पंधरवड्यापासून अधूनमधून ताप येतोय, जातोय. खाते नीट, पण बरगड्या दिसायला लागल्यात आणि पोटाखाली सूज आहे. हे माशीमुळंच का?

पशुवैद्य_सासवड

हे आधीच सांगायला हवं होतंत. येणारा-जाणारा ताप, खात असूनही वाळणं, पोटाखाली आणि पायांवर सूज: सरा हा रोग असू शकतो. रक्तातला त्याचा परजीवी गोमाशी आणि चावरी माशी एका जनावराच्या रक्ताने माखलेलं तोंड दुसऱ्याला लावून पसरवतात. गाई-म्हशींमध्ये तो बऱ्याचदा दबून राहतो, घोड्यात मात्र उपचाराविना जीव जाऊ शकतो. औषध आहे, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं.

डॉक्टरांना बोलावून ताप चढलेला असतानाच रक्त काढा. काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर परजीवी तेव्हाच सापडायची शक्यता जास्त. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. निदान होईपर्यंत ती घोडी बाकीच्या जनावरांपासून दूर बांधा आणि यात्रेला नेऊ नका.

घाटकरी_मंचर

रविवारी बारी (गाड्यांची शर्यत) आहे, तिचं नाव दिलंय. काढून घेतो. उद्या ताप नसला तर?

पशुवैद्य_सासवड

तरी रक्त द्या. एका काचेत दिसलं नाही म्हणजे सरा नाही असं होत नाही, ताप आला की पुन्हा काढायचं. थर्मामीटर जवळ ठेवा आणि सकाळ-संध्याकाळचा ताप लिहून ठेवा, डॉक्टरांना तो कागद लागेल.